बोलणं ऐकू आलं पाहिजे: व्हिडिओ एडिटिंगमध्ये आवाज कमी कसा करायचा

नागपुरात मारबतीच्या, म्हणजे ईडा पिडा घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी उभं राहून ज्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढलाय, त्यांना घरी आल्यावर काय होतं ते ठाऊक आहे. चित्र झकास असतं. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, गुलाल उडतो, बडगे (पुरुषांचे पुतळे) नाचतात. आवाज मात्र नुसता ढोलाचा.

मी आयुष्यात पहिला व्हिडिओ जोडला तो याच मिरवणुकीचा. त्यावर आजीचं बोलणं टाकलं होतं. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, आजीच्या लहानपणी मोहल्ल्यातली पोरं 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत कशी मागं धावायची, असं ती मनापासून सांगत होती. तयार व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि मावशीचा फोन आला: "दिसून तर मस्त राहिलं, पण आई काय बोलून राहिली ते काहीच समजत नाही बाप्पा."

त्यानंतर तीन रात्री मी ढोलाचा आवाज कमी करत बसले. कॉम्प्युटरवर कमी व्हायचा, फाइल तयार केली की परत तेवढाच. कारण कळलं तेव्हा लक्षात आलं की सॉफ्टवेअरमध्ये आवाज चार ठिकाणी कमी करता येतो, आणि त्यातल्या एका ठिकाणी केला तर व्हिडिओत काहीच बदलत नाही. मी त्याच एका ठिकाणी अडकले होते. तुमच्या तीन रात्री वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

शॉटकट हे सॉफ्टवेअर धरून सांगते. ते फुकट आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दुसरं काही वापरत असाल तर नववी पायरी तुमच्यासाठी आहे, पण त्याआधीचं सगळं वाचा. बटणं बदलतात, काम तेच राहतं.

१. बसण्याआधी जवळ काय हवं

- वायरवाला हेडफोन किंवा इअरफोन. साधा चालेल. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे कुठे कापायचं आणि कुठे कमी करायचं याचा अंदाज चुकतो.
- सगळ्या मूळ फाइल्स एकाच फोल्डरमध्ये: व्हिडिओ, वेगळं रेकॉर्ड केलेलं बोलणं, संगीत. शॉटकट मूळ फाइलला हात लावत नाही, प्रोजेक्टमध्ये फक्त तिचा पत्ता लिहून ठेवतं. म्हणून काम अर्धवट असताना फाइल दुसरीकडे हलवली की ती सापडत नाही.
- कागद आणि पेन. कोण कोणत्या सेकंदाला बोलायला लागतं, कधी थांबतं, हे लिहायला. सातव्या पायरीवर या कागदाशिवाय चालत नाही.

गाण्याबद्दल इथेच सांगून टाकते. कुणाचं गाणं अगदी हळू वाजवलं म्हणून ते वापरायचा हक्क मिळत नाही. यूट्यूबची यंत्रणा बोलण्याखाली दबलेलं गाणंही ओळखू शकते. संगीत घ्यायचं तर वापरायची मोकळीक असलेलंच घ्या.

२. कोणता आवाज कमी करताय ते आधी ओळखा

चार ठिकाणं अशी.

पहिलं, प्रीव्ह्यूच्या, म्हणजे काम करताना व्हिडिओ जिथे दिसतो त्या चौकटीखालचं स्पीकरचं चिन्ह. याने फक्त तुमच्या कानापर्यंत येणारा आवाज कमी होतो. टीव्हीचा रिमोट दाबला म्हणून निवेदक हळू बोलायला लागत नाही, तसंच हे. तयार फाइलवर याचा काडीचाही परिणाम होत नाही. माझ्या तीन रात्री इथेच गेल्या.

दुसरं, एका क्लिपचा आवाज. तिसरं, अख्ख्या ट्रॅकचा, म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्या क्लिप्सचा एकदम. चौथं, शेवटच्या एकत्रित आउटपुटचा. ही तिन्ही ठिकाणं खरी. इथे केलेला बदल फाइलमध्ये उतरतो.

म्हणून काम सुरू करताना प्रीव्ह्यूचा स्पीकर आणि कॉम्प्युटरचा आवाज एकदाच नीट लावा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. मधेच ते कमीजास्त केलं की मघाशी बरोबर वाटलेलं आता चूक वाटतं, आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

३. मीटर उघडा

कान थकतात. रात्री अकरानंतर तर सगळंच मोठं वाटतं. म्हणून मीटर हवा. व्ह्यू मेनूत ऑडिओ पीक मीटर मिळेल. व्हिडिओ चालू केला की त्यातली पट्टी वरखाली होते.

शून्य म्हणजे छत. डिजिटल आवाजाला शून्याच्या वर जागाच नाही. तिथे पोचलेल्या लाटेचं डोकं छाटलं जातं आणि आवाज फाटतो. म्हणून मीटरवरचे आकडे उणे असतात. उणे ६ हे उणे २० पेक्षा मोठं, एवढं डोक्यात पक्कं करा.

आवाज कमीजास्त करायचा स्लायडर डेसिबलमध्ये (डीबी) चालतो. ६ डीबी कमी केले की लाटेची उंची निम्मी होते, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी कमी करावे लागतात. त्यामुळे २-३ डीबी कमी करून "काही फरकच पडत नाही" म्हणू नका. पाहुण्यांच्या गप्पांतून सनई वेगळी ऐकू यायला तेवढं पुरेल, पण ढोलाखालून आजीला बाहेर काढायला १५ तरी लागतात.

४. बोलणं एका ओळीत, बाकीचं दुसऱ्या

टाइमलाइनवर, म्हणजे खाली क्लिप्स ओळीने मांडतो त्या पट्टीवर, बोलण्यासाठी वेगळा ऑडिओ ट्रॅक बनवा (कंट्रोल आणि यू). संगीतासाठी आणखी एक. व्हिडिओच्या क्लिपमध्येच आवाज असेल आणि तो स्वतंत्र हाताळायचा असेल, तर क्लिपवर राइट क्लिक करून मेनूत डिटॅच ऑडिओ शोधा. चित्र वर राहतं, आवाज खाली वेगळ्या ओळीत येतो.

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून नवीन माणसं सोडून देतात. सोडू नका. सगळं एकाच ओळीत असलं की ढोल कमी करताना बोलणंही कमी होतं.

५. आधी बोलणं बसवा, मग इतरांकडे वळा

ही पायरी मी उलट्या क्रमाने करायचे. आधी संगीत छान वाटेल असं लावायचं, मग बोलणं त्याच्या वर काढायला वाढवायचं, मग संगीत दबलं म्हणून ते वाढवायचं. शेवटी सगळंच शून्याला टेकायचं. एका घरगुती एकसष्टीचा व्हिडिओ मी असाच करून दिला होता. हॉलच्या मोठ्या स्पीकरवर तो लागला आणि मामांच्या मित्रांनी पाठवलेल्या शुभेच्छा कुणालाच समजल्या नाहीत. त्यातले एक काका गावाहून येऊ शकले नव्हते, म्हणून त्यांनी मुद्दाम रेकॉर्ड करून पाठवलं होतं. त्यांचं बोलणं वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. बोलण्याचा ट्रॅक सोडून बाकीचे सगळे ट्रॅक म्यूट करा. फक्त बोलणं चालवा. त्याचे मोठे शब्द मीटरवर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान जातील असं लावा. आता या आवाजाला हात लावायचा नाही. बाकीचा प्रत्येक आवाज याच्या खाली बसवायचा.

६. एका क्लिपचा आवाज कमी करणं

क) टाइमलाइनवर क्लिपवर एकदा क्लिक करा.
ख) फिल्टर्सचं पॅनल उघडा आणि अधिकच्या चिन्हावर क्लिक करा.
ग) ऑडिओच्या यादीतून गेन / व्हॉल्यूम निवडा.
घ) लेव्हलचा स्लायडर डावीकडे न्या, किंवा सरळ आकडा टाइप करा. ढोलासाठी उणे १५ पासून सुरुवात करा आणि ऐका.

फिल्टरच्या नावाशेजारची खूण काढली की तो तात्पुरता बंद होतो. आधी आणि नंतर ऐकून बघायला हे फार कामाचं आहे.

इथल्या चुका माझ्याच्यानं झालेल्या आहेत, म्हणून नीट वाचा. एक, कोणती क्लिप निवडलेली आहे ते बघूनच फिल्टर लावा. मी ढोल समजून आजीच्या क्लिपवर उणे १५ लावला होता आणि अर्धा तास शोधत बसले. दोन, एकाच क्लिपवर गेन दोनदा लागला तर दोन्हींची बेरीज होते. उणे ६ आणि उणे ६ म्हणजे उणे १२. आवाज कारणाशिवाय दबलेला वाटला तर फिल्टर्सची यादी मोजा. तीन, फिल्टर लावून मग क्लिप कापली तर दोन्ही तुकड्यांवर तो राहतो. आधी कापली तर निवडलेल्या तुकड्यापुरताच. दोन्हींचा उपयोग आहे, फक्त आपण कोणत्या क्रमाने केलं ते लक्षात असू द्या.

ओळीतल्या सगळ्याच क्लिप्स सारख्या कमी करायच्या असतील तर एकेकीवर फिल्टर लावत बसू नका. टाइमलाइनच्या डाव्या टोकाला त्या ट्रॅकचं नाव असतं, त्यावर क्लिक करून फिल्टर लावा. संगीतासाठी मी नेहमी हेच करते.

७. बोलताना खाली, थांबल्यावर वर

खरं काम इथे आहे. ढोल पूर्ण व्हिडिओभर उणे २४ वर ठेवला तर आजी ऐकू येते, पण मिरवणूक मरते. लोकांना दोन्ही हवं असतं. त्यासाठी आवाजाला वेळेनुसार खालीवर न्यावं लागतं, आणि ते कीफ्रेमने होतं. कीफ्रेम म्हणजे "या क्षणी आवाज एवढा" अशी एक खूण. दोन खुणांच्या मधला उतार सॉफ्टवेअर स्वतः काढतं.

माझ्या व्हिडिओतलंच उदाहरण घ्या. कागदावर लिहिलं होतं: आजी १२ व्या सेकंदाला बोलायला लागते, ३१ व्या सेकंदाला थांबते. ढोलाच्या क्लिपवर गेन फिल्टर आहे. आता चार खुणा:

- ११ व्या सेकंदावर उभी रेघ आणा, लेव्हल उणे ८ करा आणि स्लायडरशेजारच्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करा. पहिली खूण पडली. खाली कीफ्रेम्सचं पॅनल दिसेल.
- १२ व्या सेकंदावर या. लेव्हल उणे २४. दुसरी खूण आपोआप पडते.
- ३१ व्या सेकंदावर या. इथेही उणे २४ च. स्लायडर जरासा हलवून परत उणे २४ वर आणा, म्हणजे खूण पडेल.
- ३३ व्या सेकंदावर उणे ८.

तिसरी खूण सगळेच विसरतात, कारण तिथे आकडा बदलत नसतो. पण ती नसली तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने १२ पासून ३३ पर्यंत एकच लांब चढ होतो. आजी बोलत असताना ढोल हळूहळू वर येत राहतो आणि तिचं शेवटचं वाक्य त्यात बुडतं. "सुरुवातीला ठीक, मग पुन्हा आवाज वाढतो" अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हीच खूण राहिलेली असते.

खाली यायला एक सेकंद आणि वर जायला दोन, हे मुद्दाम आहे. बोलणं सुरू व्हायच्या आधी जागा मोकळी झालेली हवी, नाहीतर पहिला शब्द जातो. वर जाताना घाई केली की कुणीतरी दार ढकलून आत आल्यासारखं वाटतं. खुणेचा प्रकार लिनिअर ठेवा, म्हणजे उतार सरळ राहतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. आजी बोलता बोलता थांबते, अडकित्त्याने सुपारी कातरते, मग पुढचं वाक्य. मी त्या प्रत्येक थांब्यात ढोल वर काढला होता. ऐकायला इतकं वाईट वाटलं! दर तीन सेकंदांनी मिरवणूक जवळ यायची आणि पळून जायची. शेवटी सगळे थांबे सपाट केले. अडकित्त्याचा कट्ट आवाजही राहू दिला. फक्त एका ठिकाणी ढोल वर आणला: ती 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणते आणि थांबते, तिथे चार सेकंद रस्त्यावरच्या पोरांचा तोच घोष पूर्ण आवाजात येतो. चार-पाच सेकंदांपेक्षा लहान थांब्यात संगीत वर काढू नका, तसंच मोठं कारण असल्याशिवाय.

८. आवाज कमी करून जे सुटत नाही

कूलर. नागपुरात एप्रिल-मे मध्ये लग्न असेल आणि पारा ४५ च्या आसपास असेल, तर प्रत्येक मुलाखतीमागे कूलरची घरघर येणारच. नवीन माणूस आवाज कमी करतो आणि बघतो की कूलर कमी झाला, पण मावशीही कमी झाली. दोघं एकाच फाइलमध्ये आहेत, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर स्लायडरने बदलत नाही.

थोडी मदत हाय पास फिल्टरने होते, तो खालचे जाड सूर अडवतो. तो साधारण १०० हर्ट्झवर ठेवला की मोटरची खालची घूं बरीच जाते आणि बोलण्याचं विशेष नुकसान होत नाही. वाऱ्याचा सूं मात्र सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, तो राहतो. त्यामुळे खरा उपाय रेकॉर्डिंगच्या वेळचाच: बोलणं होईपर्यंत दोन मिनिटं कूलर बंद करायला सांगा, आणि मोबाइल जवळ न्या. अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डीबीने वाढतो आणि कूलर तेवढाच राहतो.

दुसरं, फाटलेला आवाज. वरातीत संदलच्या, म्हणजे ढोलवाल्या पथकाच्या, अगदी पुढ्यात मोबाइल धरला असेल तर आवाज रेकॉर्ड होतानाच फाटतो. टाइमलाइनवर त्याच्या लाटा कात्रीने कापल्यासारख्या वरून सपाट दिसतात. तो कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू. अशा वेळी मी चित्र त्याच क्लिपचं ठेवते, तिचा आवाज बंद करते, आणि खाली लांबून काढलेल्या दुसऱ्या क्लिपचा आवाज घालते. ढोलाच्या बाबतीत ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मिरवणुकीत दोन मिनिटं मागे गल्लीत उभं राहून, चित्राची पर्वा न करता, फक्त आवाजासाठी एक क्लिप काढून ठेवा.

९. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

दा विंची रिझॉल्व्ह: क्लिप निवडून वर उजवीकडे इन्स्पेक्टर, त्यात ऑडिओ, त्यात व्हॉल्यूम. क्लिपवर दिसणारी आवाजाची आडवी रेघ माउसने धरून खाली ओढली तरी चालते. ऑल्ट दाबून रेघेवर क्लिक केलं की कीफ्रेम. त्यातही स्पीकरच्या चिन्हाचा स्लायडर फक्त ऐकण्यापुरता आहे, हे विसरू नका.

प्रीमिअर प्रो: क्लिप निवडून कीबोर्डवर जी दाबा, गेनची चौकट येते. इसेन्शियल साउंडमध्ये डकिंग नावाची सोय आहे, ती बोलण्याखाली संगीत आपोआप उतरवते. वेळ वाचतो, पण नंतर खुणा स्वतः तपासाच. थांब्यांमधली धावपळ तीही करते.

केडेनलाइव्ह: इफेक्ट्समध्ये व्हॉल्यूम शोधा आणि क्लिपवर ओढून टाका. चित्र आणि आवाज त्यात मुळातच वेगळ्या ओळींत येतात.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये डीबीऐवजी टक्के असतात. तिथे बोलणं १०० वर ठेवा, संगीत १५ च्या आसपास आणून ऐका आणि तिथून ठरवा. टक्के आणि कान यांचं गणित प्रत्येक ॲपचं वेगळं, त्यामुळे एका ॲपचा आकडा दुसऱ्यात तसाच वापरू नका.

१०. एक्सपोर्टआधी आणि नंतर

सगळे ट्रॅक चालू करून पूर्ण व्हिडिओ एकदा मीटरकडे बघत चालवा. प्रत्येक आवाज एकेकटा शून्याखाली असला तरी दोन-तीन एकत्र आले की बेरीज वर जाते. कुठे शून्याला टेकत असेल तर आधी त्या ठिकाणचं संगीत उतरवा. पूर्ण व्हिडिओच जोरात असेल तर आउटपुटवर गेन लावून २-३ डीबी कमी करा.

यूट्यूबवर टाकणार असाल तर मुद्दाम मोठा आवाज ठेवून फायदा नाही. फार मोठा असेल तर ते स्वतः खाली आणतं. फार लहान असेल तर मात्र ते वाढवेलच असं धरून चालू नका.

फाइल तयार झाली की ती तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, टीव्हीवर, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर. मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खालचा घुमारा येतच नाही, तिथे ताशा पुढे येतो आणि बोलण्यावर चढतो. घरची बहुतेक माणसं तर मोबाइलवरच बघणार.

मी शेवटची फाइल आईच्या फोनवर टाकते आणि ती स्वयंपाकघरात काम करत असताना ओट्यावर लावते. मी आडोशाला उभी राहते. कुकरची शिटी, नळाचं पाणी, आणि तरीही तिने पोळी लाटता लाटता आजीच्या वाक्याला "हो, खरंच" म्हटलं, की फाइल ग्रुपवर जाते. तिने लाटणं ठेवून फोनचा आवाज वाढवला, तर मी परत सातव्या पायरीवर.